अर्ध्या मिनिटात बंद केलेली गाडी

गेल्या महिन्यात एका लग्नात आमच्या जुन्या सोसायटीतले एक गृहस्थ भेटले. जेवणाचं ताट हातात घेऊन जवळ आले आणि म्हणाले, "तुम्ही त्या वेड्या बाईंकडे भाड्यानं होतात ना? ती घरघर करणारी गाडी. रविवारी सकाळी अख्खी बिल्डिंग उठवायच्या." मग शेजारी उभ्या असलेल्या दोघांना त्यांनी बाईंची गोष्ट सांगायला घेतली. सगळी चुकीची. गाडी भंगारातून आणली होती म्हणे, बाई तिच्याशी बोलायच्या म्हणे. मी ऐकून घेतलं, ताट ठेवलं आणि हात धुवायला निघून गेलो. त्यांना तिथंच गप्प करायला हवं होतं. केलं नाही. वेळेवर तोंड न उघडण्याची माझी सवय जुनी आहे आणि तिनं एकदा बाईंचं चांगलंच नुकसान केलं होतं. ते सांगायचं आहे.

बाई विक्षिप्त होत्या, हे मी कबूल करतो. पण ज्या गोष्टीवरून लोक त्यांना वेडी म्हणत, नेमक्या त्याच गोष्टीत त्या बरोबर होत्या. विश्रांतवाडीच्या त्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता आणि त्याला लागून एका खोलीचा दुसरा. तो त्या भाड्यानं द्यायच्या. मी अंबाजोगाईहून पुण्यात आलेलो, खराडीला सॉफ्टवेअरची नोकरी, वय सव्वीस. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं गाव, जात, खाणंपिणं काही विचारलं नाही. टेबलावर एक जुनी मिक्सरची मोटर ठेवली होती, शेजारी पाच स्क्रू ड्रायव्हर. "हा स्क्रू काढा," म्हणाल्या. मी त्यातला दिसायला चांगला होता तो उचलला. स्क्रूच्या खाचेत तो नीट बसेना. मी थांबलो आणि विचारलं, "हा मोठा होतोय का?"

"होतोय," त्या म्हणाल्या. "पण विचारलंत. बहुतेक लोक खाच घालवतात आणि मग विचारतात. एक तारखेपासून या."

मला त्या शेवटपर्यंत 'अहो' म्हणाल्या. मी त्यांच्या निम्म्याहून कमी वयाचा. 'अहो भाडेकरू, आपलं दूध आलंय.' 'अहो भाडेकरू, आपण जिना चढताना चपला घासता, त्या वरच्या पायरीला त्रास होतो.' पायरीला. तुम्हा-आम्हाला होणाऱ्या त्रासाबद्दल त्यांची तक्रार क्वचितच असायची.

आयटीआयमध्ये त्या मोटर मेकॅनिकचा वर्ग घेत असत, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. तो वर्ग त्यांना सहज मिळाला नव्हता. नोकरीला लागल्या तेव्हा प्राचार्यांनी त्यांच्या कागदांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि शिवणकामाच्या विभागात जायला सांगितलं. बाईंना शिवता येत नव्हतं. तसं त्यांनी सांगितलं. "शिकाल हळूहळू," साहेब म्हणाले. बाईंनी एक स्टूल घेतलं आणि मोटर विभागाच्या दाराशी जाऊन बसल्या. रोज. हजेरीपटावर सही करायची आणि स्टुलावर बसायचं. विद्यार्थी त्यांना वळसा घालून आत जायचे. दोन महिन्यांनी तिथले शिक्षक आजारी पडले आणि वर्ग घ्यायला कोणी नव्हतं, तेव्हा बाई स्टूल आत घेऊन गेल्या. निवृत्त होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

ही हकिगत त्यांनी मला हसत सांगितली होती. मला हसू आलं नाही. दोन महिने एक शिकलेली बाई दाराशी स्टुलावर बसते आणि एकाही माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही, हे मला आजही पचत नाही.

आता गाडी. बाईंचे थोरले भाऊ बरीच वर्षं जपानमध्ये होते. परत येताना त्यांनी स्वतःची गाडी बोटीनं आणली. लाल, बुटकी, दोनच दारांची. तिच्या इंजिनात पिस्टन नव्हते. ते कसं, हे बाईंनी मला समोशावर समजावलं. मी ऑफिसातून भुकेला आलो होतो, त्यांनी लांबट वाटीत समोसा वाढला आणि मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "थांबा. हा रोटर." मग त्यांनी तो समोसा वाटीच्या कडेकडेनं फिरवायला सुरुवात केली. तिन्ही टोकं सतत वाटीला टेकलेली हवीत. टोक आणि वाटी यांच्यामधली फट बंद राहिली तर आतली हवा दाबली जाते, दाबली गेली तर पेट्रोल पेटतं. टोकांवर बारीक धातूच्या पट्ट्या असतात आणि त्या पट्ट्यांना तेलाचा ओलावा लागतो.

"म्हणून ही गाडी तेल पिते. तिला तशीच बनवली आहे. आता सांगा, थंड इंजिन चालू करून लगेच बंद केलं तर काय होईल?"

मला फक्त समोसा दिसत होता.

"थंडीत जास्त पेट्रोल आत जातं. ते जळायच्या आत आपण किल्ली फिरवली. पेट्रोल आतच राहिलं. ते पट्ट्यांवरचं तेल धुऊन काढतं. तेल गेलं की फट उघडी. फट उघडी की दाब नाही. मग कितीही सेल्फ मारा, इंजिन नुसतं फिरत राहील, पेटणार नाही. यालाच गाडी ओव्हर झाली म्हणतात. आता खा."

समोसा तोवर थंड झाला होता.

भावांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं होतं. पुण्यात आल्यावर महिन्याभरात त्यांनी एका सकाळी गाडी फाटकाबाहेर काढून लगेच बंद केली आणि ती पुन्हा सुरू झाली नाही. चार मेकॅनिक आले. चौघांनी इंजिन गेलं म्हणून सांगितलं. भावांनी ताडपत्री घालून ती बाईंच्या पार्किंगमध्ये आणून टाकली. बाईंनी तीन दिवसांत सुरू केली. लगेच भाऊ किल्ली न्यायला आले. "आपण टाकून दिली होती," बाई म्हणाल्या आणि त्यांच्यासमोर हस्तांतराचा अर्ज ठेवला. भावांनी सही केली, पण वर्षभर राखी बांधून घ्यायला आले नाहीत. बाईंनी राखी पोस्टानं पाठवली.

तर रविवारी सकाळी बाई गाडी सुरू करायच्या आणि पाण्याचा काटा मध्यावर येईपर्यंत ती जागेवर चालू ठेवायच्या. पंधरा मिनिटं. आवाज व्हायचाच. मग खडकवासल्यापर्यंत जाऊन यायच्या. परतल्यावर बंद करण्यापूर्वी एकदा इंजिन जोरात चढवायच्या आणि मगच किल्ली फिरवायच्या. पेट्रोल भरताना दर वेळी तेलही तपासायच्या, आणि पंपावरची माणसं दर वेळी सांगायची, "मॅडम, तेल खाते म्हणजे इंजिन कामाला आलंय." बाईंनी शेवटी काचेला आतून कागद लावला होता : 'तेल मी घालते. सल्ला नको.'

यात वेडेपणा कुठला आहे, मला कोणीतरी दाखवून द्यावं. ज्या यंत्राची जी गरज, ती बाई पुरवत होत्या. पंधरा मिनिटांच्या आवाजाला नाक मुरडणाऱ्या त्याच सोसायटीत गणपतीत दहा दिवस ढोल वाजायचे आणि कोणाची झोप मोडायची नाही.

सोसायटीचे अध्यक्ष कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले होते. आवाज मऊ, कपडे परीटघडीचे, आणि आपण सांगितलं की समोरचा ऐकणारच याची पुरेपूर खात्री. मी त्यांना 'सर' म्हणायचो. का, ते मलाही माहीत नाही.

त्या वर्षी गाडीची पंधरा वर्षं संपली होती. पुढची पाच वर्षं रस्त्यावर आणायची तर तिचं पुन्हा पासिंग करून घ्यावं लागणार होतं. बाईंना सोमवारची तारीख मिळाली होती, अकरा ते एक. चुकली असती तर नोंदणीची मुदत टळत होती आणि अध्यक्षांनी आधीच पत्र देऊन ठेवलं होतं की मुदत संपलेली वाहनं आवारात ठेवता येणार नाहीत. ते पत्र सर्वांना होतं. आवारात जुनी गाडी एकच होती.

शुक्रवारी बाई दोन दिवसांसाठी साताऱ्याला बहिणीकडे गेल्या. जाताना किल्ली माझ्याकडे दिली. "गरज पडली तरच हलवा. हलवलीत तर पंधरा मिनिटं चालू ठेवा. चौदा नाही."

शनिवारी सकाळी रंगारी आले. बांबूची परांची नेमकी बाईंच्या गाडीच्या जागी उभी करायची होती. अध्यक्षांनी मला बोलावलं. मी खाली गेलो, गाडी सुरू केली आणि दोन गाड्यांच्या अंतरावर नेऊन उभी केली. इंजिन चालू ठेवलं. अध्यक्ष खिडकीशी आले.

"बंद करा ती."

"सर, बाईंनी सांगितलंय की थोडा वेळ—"

"वर माझी नात झोपली आहे. बंद करा."

मी किल्ली फिरवली.

मला नियम माहीत होता. कारणही माहीत होतं, समोशासकट. तरी त्या क्षणी मला वाटलं की अर्ध्या मिनिटानं काय होणार आहे, बाईंचं आपलं काहीतरी असतंच. लग्नातल्या त्या गृहस्थांवर मी चिडतो, पण त्या सकाळी त्यांच्यात आणि माझ्यात काही फरक नव्हता. संध्याकाळी रंगारी गेल्यावर मी आणि वॉचमननं गाडी ढकलून मूळ जागी लावली. ती सुरू करून पाहायची मला भीती वाटली. न पाहिल्यामुळे ती ठीकच आहे असं समजता येत होतं.

सोमवारी सकाळी सात वाजता बाई खाली उतरल्या. मी गॅलरीत ब्रश करत होतो. सेल्फचा आवाज आला. एरवी त्यात ठोके असत, धड धड धड, आणि मग गाडी गरजायची. आज ठोके नव्हते. शिवणयंत्र रिकामं चालवावं तसा एकसारखा आवाज. मी खाली पळालो.

बाई किल्ली सोडून बसल्या होत्या. "दाब नाही," म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. "कोणी हलवली होती का?"

"नाही," मी म्हणालो.

एवढंच. एक शब्द. बाईंनी मान हलवली आणि माझ्यावर विश्वास ठेवला. कोणी हलवलीच नव्हती तर गाडी ओव्हर होण्याचं कारण नव्हतं. मग काय? पेट्रोल कुठून गळतंय का, पट्ट्याच झिजल्या का, कॉइल गेली का? बाई एक-एक गोष्ट तपासत गेल्या. वायरी काढल्या, पाइप हुंगले, टॉर्च घेऊन वाकून पाहिलं. त्यांचा उजवा खांदा महिनाभर दुखत होता, हात वर जात नव्हता. डाव्या हातानं करत होत्या. मी टॉर्च धरून उभा होतो आणि त्या ज्या बिघाडाच्या मागे होत्या तो अस्तित्वातच नाही, हे मला माहीत होतं.

साडेआठला अध्यक्ष फेरफटका मारून आले. त्यांनी परिस्थिती पाहिली आणि मऊ आवाजात म्हणाले, "माझा माणूस बोलावतो." त्यांचा माणूस म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मेकॅनिक. तो आला, बॉनेटमध्ये डोकावला आणि मला म्हणाला, "साहेब, पंप गेलाय."

"पंप चालू आहे," बाई म्हणाल्या. "किल्ली दिली की आवाज येतो."

"साहेब," तो मलाच म्हणाला, "धक्का मारून बघू."

"धक्क्यानं सुरू होणार नाही. दाब नाही तिला."

त्यानं वॉचमनला हाक मारली, दूधवाल्याला थांबवलं आणि मला मागे यायची खूण केली. अध्यक्ष बाजूला उभं राहून हातानं दिशा दाखवू लागले. बाई काय सांगतायत ते त्या पाच जणांपैकी कोणाच्याही कानात शिरत नव्हतं, आणि मी त्यांच्यातला एक होतो. आम्ही गाडी फाटकापर्यंत ढकलली. ती सुरू झाली नाही. परत ढकलत आणली. मेकॅनिकनं घाम पुसला. "इंजिन बसलंय, साहेब. विकून टाका."

"अहो, मी पंचवीसहून जास्त वर्षं हाच विषय शिकवला आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मला सांगा की."

तो त्यांच्याकडे बघून हसला. वाईट हसला नाही. आजारी माणसाकडे बघून हसतात तसा हसला. "आज्जी, आता आराम करा," म्हणाला.

ते ऐकून माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. त्याचा राग आला आणि त्याच्याहून जास्त स्वतःचा. हा माणूस अज्ञानी तरी होता. मला सगळं माहीत होतं, तरी मी गप्प होतो.

"बाई," मी म्हणालो, "शनिवारी मी हलवली होती. रंगाऱ्यांसाठी."

"किती वेळ चालू होती?"

"अर्धा मिनिट."

"का बंद केलीत?"

मी अध्यक्षांकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मी फक्त विनंती केली. गाडी सुरू ह्यांनी केली, बंद ह्यांनी केली. मी हातसुद्धा लावलेला नाही." आणि जिना चढून वर गेले. त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. असली खरी वाक्यं बोलणाऱ्या माणसांची मला तेव्हापासून चीड आहे.

सव्वानऊ वाजले होते. बाईंनी मेकॅनिकला नमस्कार केला, तो गेला. मग मला म्हणाल्या, "माझा खांदा चालत नाही. आपण झोपा खाली."

मी पोतं अंथरलं. गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं आणि तिच्याखाली बाईंनी विटा रचायला लावल्या, "जॅकवर विश्वास ठेवायचा नाही." पुढचे दोन तास त्या वरून सांगत होत्या आणि मी करत होतो. आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, म्हणजे आत आणखी पेट्रोल जायला नको. मग चार प्लग. इंजिनाच्या कुशीत, दोनावर दोन, असे बसवलेले की पाना लावायला मनगट उलटं करावं लागत होतं. "सावकाश. ती खाच माझी आहे." प्लग बाहेर आले तेव्हा ओले होते, पेट्रोलनं चमकत होते. बाईंनी ते फडक्यानं पुसून वाऱ्यावर वाळवले आणि मग वर नेऊन तव्यावर शेकले. पोळ्यांचा नव्हे, प्लगसाठी वेगळा तवा होता.

प्लगची भोकं उघडी ठेवून बाईंनी सेल्फ मारला. मला लांब उभं राहायला सांगितलं होतं ते बरं झालं. भोकांतून पेट्रोलचा फवारा उडाला आणि भिंतीच्या नव्या रंगावर गेला. अध्यक्षांच्या नव्या रंगावर. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. दहा सेकंद मारायचा, थांबायचं, पुन्हा मारायचा. फवारा बंद झाला तेव्हा त्यांनी मला सुई नसलेली औषधाची सिरिंज दिली. प्रत्येक भोकात थोडं थोडं इंजिनचं तेल. "पट्ट्यांवरचं धुऊन गेलंय ना, ते आपण परत देतोय. जास्त नको." मग इंजिन हातानं थोडं फिरवलं, की तेल सगळीकडे पसरावं. प्लग लावले. फ्यूज लावला. आणि सेल्फ मारला तर बॅटरी उतरलेली. सकाळच्या दोन तासांत आम्ही ती संपवली होती. माझ्या एका शब्दामुळे.

तळमजल्यावरचे शेखभाई बेकरीचा माल घेऊन निघाले होते. त्यांनी पाहिलं आणि न विचारता टेम्पो शेजारी लावला. "बाई, केबल आहे?" केबल होती. टेम्पोच्या बॅटरीला जोडली. शेखभाईंना गाडीतलं काही कळत नव्हतं, तसं त्यांनी सांगितलंही. म्हणाले, "तुम्ही सांगा, मी तेवढंच करतो." त्या सकाळी इतकं साधं वाक्य बोलणारा हा पहिला माणूस.

ॲक्सिलरेटर पायानं पूर्ण दाबून बाईंनी किल्ली फिरवली. एकसारखा आवाज. मग त्यात एक ठोका. मग गेला. मग दोन. बाईंनी किल्ली सोडली नाही. आणि गाडी खोकली, आणि पेटली, आणि मागून असा पांढरा धूर आला की शेखभाईंचा टेम्पो दिसेनासा झाला. वरच्या खिडक्या धडाधड लागल्या. कोणीतरी ओरडलं. बाई पाय हलवेनात. धूर पातळ होईपर्यंत त्यांनी इंजिन चढं ठेवलं आणि मग काट्याकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "बसा आत. पंधरा मिनिटं."

आम्ही पंधरा मिनिटं गाडीत बसलो. माझी कोपरं सोललेली होती.

आळंदी रस्त्यावरच्या पासिंगच्या मैदानात पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. निरीक्षक तिशीतला होता. बॉनेट उघडल्यावर तो थांबला. "इंजिन इतकंच?" मग बाईंकडे वळून म्हणाला, "मॅडम, हे त्रिकोणी रोटरवालं का? आम्हाला कॉलेजात अर्धं पान होतं यावर." बाईंनी सांगायला सुरुवात केली. तो ऐकत राहिला, मध्ये दोन प्रश्न विचारले. मागच्या गाड्यांनी हॉर्न दिले, त्यानं हातानं थांबवलं. मग दिवे, ब्रेक, धूर, नंबर तपासून त्यानं सही केली.

मला वाटलं, आता घरी. बाईंनी गाडी गावातून काढून थेट खडकवासल्याला नेली. आतलं उरलेलं जळायला हवं होतं. धरणाच्या कडेला गाडी लावून, इंजिन चालूच ठेवून, त्या म्हणाल्या, "महिनाअखेरीला खोली रिकामी करा."

मला आधी समजलंच नाही. मग संताप आला. अंगावर पेट्रोलचा वास, कोपरं सोललेली, ऑफिसची एक रजा गेलेली. "बाई, अध्यक्षांनी बंद करायला लावली. त्यांना काहीच नाही आणि मला घराबाहेर?"

"अध्यक्षांना मी काढू शकत नाही," त्या म्हणाल्या. "आपल्याला काढू शकते."

"हा न्याय झाला का?"

"नाही. न्याय कुठे म्हणतेय मी?" त्यांनी समोर पाण्याकडे पाहिलं. "आपण गाडी बंद केलीत, त्याचं मला काही नाही. माणूस घाबरतो. पण मी विचारलं तेव्हा आपण नाही म्हणालात आणि मी त्या नाहीवर दोन तास काम केलं. असल्या दुखऱ्या हातानं. शिकवत होते तेव्हा वर्गात हे एकच केलं तर मी बाहेर काढायची. तोडलं तरी चालेल, मोडलं तरी चालेल. काय केलं ते सांगायचं."

"सांगितलं की शेवटी."

"सांगितलंत," त्या म्हणाल्या आणि गिअर टाकला.

मी त्यांच्यावर महिनाभर रागावलो होतो. खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे. त्या निकालात त्यांचा तो स्टुलावरचा हट्ट होता, आणि हट्टी माणसाच्या तडाख्यात जवळचाच माणूस येतो, लांबचा सुटतो. अध्यक्ष पुढच्या वर्षीही बिनविरोध निवडून आले. भिंतीवरच्या पेट्रोलच्या डागाबद्दल त्यांनी बाईंना पत्र पाठवलं. बाईंनी उत्तर लिहिलं : 'डाग आपल्या विनंतीमुळे पडला आहे. मी हातसुद्धा लावलेला नाही.'

एकतीस तारखेला मी टेम्पो ठरवायला निघालो तर बाई खाली गाडी सुरू करून बसल्या होत्या. "सामान किती आहे?" दोन बॅगा, गादीची गुंडाळी, एक खोका. गादी टपाला बांधली. खराडीपर्यंत त्यांनी मला रस्त्यावरचा प्रत्येक स्पीडब्रेकर कोणत्या चुकीच्या पद्धतीनं बांधलाय ते सांगितलं. नव्या घराच्या फाटकाशी घरमालक उभे होते. टपावर गादी बांधलेली ती लाल, बुटकी गाडी पाहून ते दोन पावलं मागे सरले. मी सामान उतरवलं. बाईंनी काच खाली केली, इंजिन चालूच होतं.

"आपणच घरमालक का?" त्यांनी विचारलं.

"हो. आपण?"

"मी आधीची." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे भाडेकरू प्रामाणिक आहेत. थोडा उशीर लागतो त्यांना, एवढंच."

आणि काच वर करून, मागेपुढे नीट बघून, त्यांनी गाडी वळवली.